सुट्या भागांचा फोन : निकाल कोणाविरुद्ध?

२१ फेब्रुवारी २०१६ रोजी बार्सिलोना येथे एलजी या कोरियन कंपनीने आपला 'जी-५' हा स्मार्टफोन जगापुढे ठेवला, तेव्हा त्याचे स्वागत आणि त्याची टवाळी यांना जवळजवळ एकाच वेळी आरंभ झाला. फोनच्या कडेवरील एक लहानशी कळ दाबली की त्याचा खालचा तुकडा सुटून हातात येई आणि त्याच्यापाठोपाठ बॅटरीही बाहेर निघे. त्या तुकड्याच्या जागी हवा तो दुसरा तुकडा बसवावा, अशी ही योजना होती. एका तुकड्यात छायाचित्रे घेणाऱ्याच्या सोयीसाठी मूठ, स्वतंत्र कळ, दृश्य जवळ आणणारी चकती आणि थोडी जादा वीज होती. दुसऱ्यात बँग अँड ओलफसेन या डॅनिश कंपनीच्या सहकार्याने केलेली, गाणी अधिक स्वच्छ ऐकवणारी यंत्रणा. या जोडभागांना कंपनीने 'मित्र' असे लाडाचे नाव दिले होते. एकाच साच्यातून काढल्यासारख्या गुळगुळीत आणि बंदिस्त फोनांना कंटाळलेल्या समीक्षकांना हे नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

टवाळीलाही लौकरच भक्कम खाद्य मिळाले. बॅटरी त्या खालच्या तुकड्यालाच जोडलेली असल्यामुळे जोडभाग बदलायचा म्हणजे बॅटरी उपसायची, जुन्या तुकड्यापासून ती सोडवायची, नव्याला अडकवायची आणि बंद पडलेला फोन पुन्हा जागा होईपर्यंत वाट पाहायची. छायाचित्र टिपण्याजोगा क्षण तोवर कोणासाठी थांबून राहत नाही. काही फोनांत मूळ अंग आणि सुटा तुकडा यांच्या सांध्यात फट दिसे. धातूच्या सांगाड्यावर रंगाचा थर चढवला असल्याने हाताला तो प्लॅस्टिकसारखा लागे, आणि हा धातू खरा की खोटा, याविषयीचा वाद एप्रिलमध्ये एवढा रंगला की कंपनीला खुलासा करणे भाग पडले. धातू खराच होता. अँटेनाच्या रेषा झाकण्यासाठी त्यावर थर दिला होता. विस्तृत दृश्य टिपणारा दुसरा कॅमेरा मात्र बहुतेकांनी वाखाणला, आणि असा कॅमेरा पुढे सर्रास सर्वत्र दिसू लागला. गंमत अशी की, या फोनच्या ज्या गुणाबद्दल फारसे दुमत नव्हते, त्याचा सुट्या भागांशी काडीइतकाही संबंध नव्हता.

भारतात जून २०१६ मध्ये हा फोन ५२,९९० रुपयांना आला. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या कनिष्ठतम कर्मचाऱ्यासाठी ठरवलेले किमान मूळ वेतन त्याच वर्षापासून १८,००० रुपये झाले होते. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचे मूळ वेतन एका फोनमध्ये. एवढी रक्कम मोजणाऱ्याला स्वाभाविकच असे वाटले असणार की, आज घेतलेले जोडभाग उद्याच्या फोनलाही चालतील आणि कंपनी दरवर्षी नवे 'मित्र' आणील. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये कंपनीने 'व्ही-२०' हा फोन काढला. त्याला हे जोडभाग बसत नव्हते. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'जी-६' आला, तो तर पाण्यापासून सुरक्षित, पूर्णपणे बंदिस्त आणि बॅटरीदेखील न निघणारा! वर्षभरापूर्वी ज्या कल्पनेचा एवढा डंका पिटला गेला, तिचे नावही कोणी घेईना. मित्र अनाथ झाले. एप्रिल २०२१ मध्ये तर कंपनीने फोनचा धंदाच आवरत असल्याचे जाहीर केले.

या प्रकरणातून उद्योगाने जो निष्कर्ष काढला, तो येथे तपासून पाहण्याजोगा आहे. ग्राहकांना सुट्या भागांचा फोन नको आहे. त्यांना देखणी, सडपातळ, एकसंध वस्तू हवी आहे. तेव्हा हा विषय संपला, असा तो निष्कर्ष. वरवर पाहता तो बिनतोड दिसतो. परंतु ग्राहकांपुढे नेमके काय ठेवले होते, हे पाहिले म्हणजे त्यातील मखलाशी ध्यानात येते. त्यांच्यापुढे दुरुस्तीची सोय ठेवलेली नव्हती, तर खरेदीची आणखी काही निमित्ते ठेवलेली होती. काच फुटली तर ती घरच्या घरी बदलता येईल, किंवा कॅमेरा जुना झाला तर तेवढाच नवा बसवता येईल, असे 'जी-५' च्या बाबतीत काहीही नव्हते. बॅटरी निघत होती हे खरे. पण ती तर त्याआधीच्या 'जी-४' चीही निघत होती, आणि २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ची तर पाठीमागचे झाकण सरकवून कोणाही मुलाला काढता येत होती. लोकांनी नाकारले ते महागडे जोडभाग. दुरुस्त करता येणारा फोन नाकारण्याची संधी त्यांना कोणी दिलीच नव्हती. खटला एकावर आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा न्याय झाला.

मूळ कल्पना यापेक्षा कितीतरी वेगळी होती. डेव्ह हॅकेन्स या डच डिझायनरने सप्टेंबर २०१३ मध्ये 'फोनब्लॉक्स' नावाची एक लहानशी चित्रफीत प्रसृत केली. एक भाग बिघडला म्हणून सबंध फोन कचऱ्यात का जावा, हा तिच्यातील साधा प्रश्न लाखो लोकांना आपलासा वाटला. पुढच्याच महिन्यात, त्या वेळी गूगलच्या मालकीची असलेल्या मोटोरोला कंपनीने 'आरा' या प्रकल्पाची घोषणा केली. एक सांगाडा घ्यावा आणि पडदा, प्रक्रियक, कॅमेरा, बॅटरी यांपैकी प्रत्येक वस्तू चुंबकाच्या आधारे त्यावर बसवावी; भाग कोणत्याही कारखानदाराने बनवावेत; आणि अगदी साध्या फोनचा उत्पादनखर्च ५० डॉलरच्या आसपास राहावा, असा हा महत्त्वाकांक्षी संकल्प होता. मोटोरोला विकून टाकल्यानंतरही गूगलने तो स्वतःकडे ठेवला. पोर्तो रिको बेटावर त्याची चाचणी २०१५ मध्ये व्हायची होती. ती रद्द झाली. मे २०१६ मध्ये प्रकल्पाचे जे नवे रूप दाखवण्यात आले, त्यात प्रक्रियक, पडदा आणि बॅटरी ही सारी सांगाड्यातच पक्की बसवलेली होती. ज्या वस्तू जुन्या होतात, फुटतात वा आटतात, त्याच न बदलणाऱ्या ठरल्या, आणि बदलता येण्याजोगी राहिली ती हौस. सप्टेंबर २०१६ मध्ये तेही गुंडाळले गेले.

अभियंत्यांनी या कल्पनेवर घेतलेले आक्षेप पोकळ नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. फोनच्या पोटात जागेची चणचण एवढी असते की, स्मृतीची चकती पुष्कळदा प्रक्रियकाच्या पाठीवरच बसवलेली असते. दोहोंमधील अंतर वाढले की वेग मंदावतो आणि वीज अधिक लागते. प्रत्येक भाग सुटा करायचा तर प्रत्येकाला स्वतःचे कवच हवे, स्वतःचा जोड हवा. त्यामुळे फोन जाड होतो, जड होतो आणि महागही होतो. पडल्यावर त्याचे तुकडे चारी दिशांना पांगतील, ही भीती वेगळीच.

तथापि तांत्रिक अडचण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी जोडाच्या मालकीची आहे. सायकलचे उदाहरण घ्यावे. टायर एकाचा, साखळी दुसऱ्याची, पायडल तिसऱ्याचे, आणि तरीही कोपऱ्यावरचा सायकलवाला ती तासाभरात रस्त्यावर आणतो; कारण मापे सर्वांना ठाऊक असतात आणि ती कोणा एकाची खाजगी मिळकत नसते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या आतल्या खाचांचे तपशील तिने प्रसिद्ध केले होते. त्यामुळे इतरांनी त्या खाचांत बसणारे भाग बनवले, मग सबंध संगणकच बनवले. आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पुढे जो सुट्या भागांचा बाजार फुलला, त्याच्या मुळाशी हेच मोकळे जोड आहेत. आयबीएमला आपले हे औदार्य महागात पडले, हेही खरे; आणि फोनच्या कंपन्यांनी त्यापासून घ्यायचा तो धडा घेतलेला दिसतो. एलजीचा जोड एलजीपुरता, मोटोरोलाचा मोटोरोलापुरता. मोटोरोलाने निदान शब्द पाळला. जून २०१६ च्या 'मोटो झेड' साठी केलेले, पाठीला चुंबकाने चिकटणारे जोडभाग २०१९ च्या फोनपर्यंत चालत राहिले. पण त्या फोनचीही बॅटरी आत बंदिस्तच होती. पाठीवर चित्रपट दाखवणारा प्रक्षेपक चिकटवता येई, आतली आटलेली बॅटरी मात्र बदलता येत नसे!

आणि दुरुस्तीसाठी सुटे भाग असलेला फोन खरोखरच अशक्य होता काय? ॲम्स्टरडॅमच्या फेअरफोन या छोट्या कंपनीने २०१५ च्या अखेरीस आपला दुसरा फोन विक्रीस आणला. त्याचा पडदा कोणतेही अवजार न वापरता निघत असे आणि बाकीचे भाग साध्या स्क्रू-ड्रायव्हरने. तो जाड होता, दिसायला सामान्य होता आणि ५२५ युरो किमतीच्या मानाने त्याची गतीही बेताचीच होती. समीक्षकांनी हे सारे दोष त्याच्या पदरात घातले, आणि ते योग्यच होते. परंतु मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, कंपनी त्याला अद्ययावत सॉफ्टवेअर पुरवत राहिली. वस्तुतः खरी झुंज तेथेच होती. त्यातील प्रक्रियकाला अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांसाठी पाठबळ देणे चिपच्या निर्मात्याने केव्हाच थांबवले होते आणि ते काम या लहानशा कंपनीला स्वतःच्या अंगावर घ्यावे लागले. स्क्रू कितीही सैल असले, तरी आतले सॉफ्टवेअर मेले की फोन मेलाच. अर्थात ही कंपनीदेखील सोवळी नव्हे. २०२१ मधील आपल्या चौथ्या फोनमधून तिने हेडफोनची खाच काढून टाकली आणि त्याच वेळी स्वतःचे बिनतारी इअरबड विकायला काढले, तेव्हा तिच्या चाहत्यांनी तिला खडे बोल सुनावले.

बंदिस्त फोनच्या समर्थनार्थ हटकून पुढे केला जाणारा मुद्दा पाण्याचा. फोन उघडता आला तर पाणी आत जाणारच, असे सांगितले जाते. सॅमसंगचा २०१४ मधील 'गॅलेक्सी एस-५' या मुद्द्याला उत्तर म्हणून पुरेसा आहे : त्याचे मागचे झाकण नखाने उघडत असे, बॅटरी बाहेर निघत असे आणि तरीही तो मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असे प्रमाणित केलेले होते. पुढच्या वर्षीच्या 'एस-६' मध्ये काच आणि धातू यांची झळाळी आली. बॅटरी आत कोंडली गेली आणि पाण्यापासूनचे ते संरक्षणही गेले. तेव्हा झाकण चिकटवण्यामागे केवळ पाण्याचीच चिंता होती, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

जुलै २०२४ मध्ये भारतात १५,९९९ रुपयांना आलेल्या 'सीएमएफ फोन-१' विषयीही असाच संमिश्र सूर उमटला. त्याचे मागचे झाकण स्क्रूंनी बसवलेले आहे. ते काढून दुसऱ्या रंगाचे लावता येते, टेकू वा दोरी अडकवता येते. स्क्रू पाहून अनेकांना आशा वाटली. पण बॅटरी मालकाने बदलावी अशी त्याची रचना नाही. आठ वर्षांनंतरही गाडी हौसेच्याच स्टेशनावर थांबलेली.

कंपन्यांनी जे आपण होऊन केले नाही, ते आता कायद्याच्या वाटेने येत आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एखाद्या फोनची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग आणि निदान पाच वर्षे सॉफ्टवेअर पुरवणे बंधनकारक झाले आहे. बॅटरीच्या बाबतीत मात्र पळवाट ठेवलेली आहे : फोन पाण्यापासून सुरक्षित असेल आणि हजार वेळा चार्ज करूनही बॅटरीची ऐंशी टक्के क्षमता शिल्लक राहत असेल, तर ती मालकाला काढता आली नाही तरी चालते. सर्वांत महाग फोनांना या वाटेने निसटणे सोपे जाईल.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. फोन आणि टॅब्लेट यांना दुरुस्ती-सुलभतेचा अंक द्यावा, यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये आपला अहवाल सादर केला. फोन उघडणे किती सोपे, स्क्रू कसले, अवजारे कोणती लागतात, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, दुरुस्तीची माहिती खुली आहे काय, सॉफ्टवेअर किती काळ मिळणार, असे तिचे निकष आहेत. झकपक सादरीकरणात ज्यांना टाळी पडत नाही, परंतु शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांच्या खिशाशी ज्यांची गाठ असते, नेमके तेच हे प्रश्न. हा अंक दुकानात, विक्रीच्या संकेतस्थळांवर आणि पेटीवर क्यूआर कोडच्या रूपाने दाखवावा, अशीही शिफारस आहे. यातील शेवटच्या कलमाचा मात्र फेरविचार व्हावा. तो कोड वाचण्यासाठी चालू फोन लागतो, आणि नवा फोन घ्यायला दुकानात आलेल्या माणसाचा पुष्कळदा तोच बंद पडलेला असतो. पेटीवर किमतीशेजारी तेवढाच एक आकडा ठळक छापायला फारशी शाई लागणार नाही.