धारेला बदली माणूस हवा

लग्नाची पत्रिका आली की लोक आधी काय बघतात? मुलगा काय करतो, मुलगी कुठली, निमंत्रकांत आपल्या भाऊबंदांची नावं घातली की गाळली. आमच्या घरात आधी मुहूर्त बघतात. दुपारी बारा पस्तीसचा असेल तर दोघांनाही जाता येतं, पहिल्या पंगतीला बसून परत येता येतं. सायंकाळी सहा पंचेचाळीसचा असेल तर एकानेच जायचं, आणि तो एक म्हणजे बहुतेक वेळा आमचे हे. मी आहेर पाठवते. चुलतभावाच्या लग्नात मी हळदीला होते, अक्षतांना नव्हते. त्यामुळे अख्ख्या अल्बममध्ये मी आहे ती फक्त पिवळ्या तोंडाची.

आमचं गाव संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. थोडा ऊस, मका, घास आणि गाई. अकरा दुभत्या एचएफ संकरित, चार कालवडी. माणसंही चारच: हे, मी, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. थोरली मुलगी पुण्यात नर्सिंगला आहे.

दुधाच्या भावाबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येतं आणि ते यायलाच हवं. 2024 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं, पुढे त्याचे सात केले. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचे बारा आकडे ऑनलाइन भरता भरता आमच्या डेअरीवरचा पोरगा मेटाकुटीला आला. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ लागलं नाही तर भाव किती कापायचा, यावरही रान उठतं. उठू दे. पण समजा उद्या दुधाला पन्नास रुपये भाव झाला, तरी संध्याकाळची धार संध्याकाळीच काढावी लागेल, आणि ती आम्हीच काढायची. या धंद्यात माणसाचा जो वेळ जातो त्याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून मी सरळच मागणी करते: दूध संघांनी आणि सरकारने मिळून गोठ्यासाठी बदली माणसांची सोय उभी करावी. आजारपणाला, बाळंतपणाला, मयतीला, आणि वर्षातून थोडे दिवस नुसतं गावाला जायलासुद्धा.

ज्यांचा गोठ्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी आमची सकाळ थोडक्यात सांगते. साडेचारला उठायचं. घरातून गोठ्यात जाण्याआधी उसाच्या दिशेने बॅटरी मारायची, कारण आमच्या भागात बिबट्या ही काही बातमी राहिलेली नाही. शेण ओढायचं, गव्हाणीत मुरघास आणि वर खाद्य टाकायचं. गाय खायला लागली की कास धुवायची, पुसायची, चारही सडांतल्या पहिल्या दोन-दोन पिळ्या काळ्या वाटीत काढून दुधात गाठी दिसतात का बघायचं, मग मशीनचे कप लावायचे. कप काढले की सड औषधात बुडवायचे. असं अकरा वेळा. साडेसहाला कॅन डेअरीवर गेलेच पाहिजेत, कारण गाडी थांबत नाही. मग भांडी, मशीनच्या नळ्या गरम पाण्याने धुणं, वासरं, घास कापणं, कुट्टी. आणि दुपारी चारला हेच सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोन धारांच्या मध्ये बारा-एक तासांचं अंतर राखावं लागतं, ते गाय ठरवते. मध्येच वीज गेली तर बादली घेऊन खाली बसायचं.

रात्रीचं वेगळंच. गाय विण्याची वेळ कॅलेंडरवर साधारण दोनशे ऐंशी दिवस मोजून लिहून ठेवतो, पण ती वेळ पाळायची की नाही हे तिच्या मर्जीवर. आमच्या घरात वीस-बावीस वर्षांत अशी संध्याकाळ झालेली नाही की चौघं मिळून कुठे जेवायला बसलो आणि कोणाचंही घड्याळाकडे लक्ष नव्हतं. मुलांच्या शाळेचं गॅदरिंग संध्याकाळी, सासूबाईंच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ संध्याकाळी. भाऊबीजेला तर भाऊच इकडे येतो. ओवाळून झालं की तोही पँट दुमडून शेण ओढू लागतो.

"मग गडी ठेवा की!" असं सांगणारे पाहुणे आम्हाला नेहमी भेटतात. शंभर गाईंच्या गोठ्याला परप्रांतातली जोडपी ठेवणं परवडतं, त्यांच्यासाठी खोल्याही बांधलेल्या असतात. अकरा गाईंत खाद्य, औषधं आणि कर्जाचा हप्ता डेअरीच्या दहा दिवसांच्या पगारातून कापून गेल्यावर हातात जे उरतं, त्यातून बाराही महिने माणूस पोसता येत नाही. आम्हाला तो बारा महिने नकोच आहे. चार दिवस हवा आहे, पण त्या चार दिवसांत तो नक्की यायला हवा आणि त्याला काम यायला हवं.

काम येणं म्हणजे काय, हे एकदा फार महागात कळलं. यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात आणि घरी सासूबाई. शेजारचा मुलगा मोठ्या मनाने धारेला आला. मुलगा गुणी, पण त्यांच्या घरी दोनच गाई, त्याही हाताने पिळायच्या. आमची मोरणी म्हणून एक गाय होती, अंगाने धिप्पाड आणि मनाने भित्री. ओळखीचा हात नसला की तिचा पान्हा वर चढायचा. कास धुतल्यावर मिनिटभर थांबायचं, थोपटायचं, कानामागे खाजवायचं, मग ती सोडते. हे त्या मुलाला कोण सांगणार? त्याने कप लावले, दूध थांबलेलं दिसलं, कप काढले. तीन दिवस निम्मं दूध कासेतच राहिलं. मी परत येऊन हात लावला तर मागच्या डाव्या सडाचा भाग तापलेला आणि दगडासारखा. वाटीत पिळी काढली, तर आधी पिवळट पाणी आलं आणि मागून दह्याच्या कवडीसारख्या गाठी. आम्ही याला दगडी म्हणतो. डॉक्टरांनी सडात ट्यूब सोडल्या, इंजेक्शनं दिली, तेवढ्या दिवसांचं दूध डेअरीला घालता आलं नाही. तो सड शेवटी गेलाच. मोरणी पुढे तीन सडांवर दोन वेतं चालली.

त्या मुलाला मी कधी बोल लावला नाही. उलट इतक्या मोठ्या दुधाच्या पट्ट्यात शेजाऱ्याच्या भिडेवाचून दुसरी काही सोय नाही, याचा राग आला. आमच्या तालुक्यात गाय भरवायला फोन केला की तासाभरात मोटारसायकलवर रेतनवाला हजर होतो. खाद्याची पोती दारात येतात. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, संकरित गाई गावोगाव पोचल्या, आणि गाईच्या पोटाची, गर्भाची, कासेची सेवा शेतकऱ्याच्या दारात आणायची एक पद्धतच बसून गेली. एवढी सगळी सेवा गाईच्या बाजूने. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला जे माणूस आहे, त्याच्यासाठी काहीच आलेलं नाही.

1 जून 2017 ला इथून जवळच्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तो सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिला. रस्त्यावर ओतलेलं दूध पाहून शहरातले लोक हळहळले. त्यांच्या लक्षात आलं नसेल, पण ते ओतलेलं दूधसुद्धा आधी कुणीतरी पहाटे उठून काढलेलं होतं. कारखान्याचा कामगार संपावर गेला की यंत्र बंद करतो. आम्ही संपावर होतो आणि दोन्ही वेळच्या धारा काढत होतो. गावात दूध वाटलं, वासरांना पोटभर पाजलं, खवा आटवला, आणि उरलं ते ओतलं. अंगमेहनत एका थेंबाने कमी झाली नाही. लॉकडाऊनमध्ये शहरं बंद पडली तेव्हाही तेच.

आता हरकती. पहिली पैशाची. फुकट कोणी मागत नाही. डेअरी आमच्या पगारातून दहा गोष्टी कापते. त्यात लिटरमागे थोडे पैसे बदलीच्या निधीला कापा, तेवढीच भर संघ घालू दे आणि तेवढीच सरकार. पिकांचा हमीभाव काढताना कृषिमूल्य आयोग खर्चात घरच्या माणसांची मजुरी धरतो. दुधाला मुळात हमीभावच नाही, त्यामुळे सासूबाईंनी या वयात कापलेल्या घासाच्या भाऱ्याची किंमत कोणत्याच कागदावर येत नाही. दुधाला उसासारखी एफआरपी द्या ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. ती मान्य होईपर्यंत निदान या मजुरीतले चार दिवस तरी सोडवा.

दुसरी हरकत रोगाची, आणि ती मला सगळ्यात खरी वाटते. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आम्ही शेजाऱ्यालाही गोठ्यात येऊ देत नव्हतो. लाळ्या-खुरकुताचं भय तर कायमचं. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाणारा माणूस बुटाबरोबर काय घेऊन येईल, सांगता येत नाही. पण हीच भीती रेतनवाल्याची आणि डॉक्टरांचीही असायला हवी, आणि त्यांच्यासाठी आपण उपाय काढतोच. गोठ्याचे गमबूट गोठ्यातच ठेवायचे, दाराशी चुन्याचा नाहीतर औषधाचा पाट करायचा, एका वेळी एका माणसाला एकच गोठा द्यायचा. मुलगी नर्सिंग शिकते आहे. तिच्याकडून हात धुण्याच्या पायऱ्या ऐकल्यापासून आमच्या गोठ्यातही साबण आला.

तिसरी हरकत मोरणीची: परक्या हाताला गाय दूध देत नाही. ती शिकवून कमी करता येते. मशीन आल्यापासून निम्मी अडचण गेलीच आहे, कप तेच असतात. बदली माणूस सुट्टीच्या आदल्या दिवशी येऊन दोन धारांना नुसता उभा राहिला, गाईंची नावं आणि खोडी वहीत लिहून घेतल्या, तर पुष्कळ काम होईल. दहावी-बारावी झालेली गावातली किती मुलं-मुली पोलीस भरतीच्या मैदानावर वर्षानुवर्षं पळताहेत. त्यांतल्या काहींना कृषी विज्ञान केंद्रातून महिन्याभराचं शिक्षण आणि संघाचं ओळखपत्र द्या. चोरीमारीची चिंता वाटते त्यांनी हेही लक्षात घ्यावं, की संघाच्या माणसाला जाब विचारता येतो, ओळखीच्याला नाही.

हे काही स्वप्नातलं नाही. फिनलंडमध्ये जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला 26 दिवसांची हक्काची सुट्टी असते, आणि त्या दिवसांत धार काढायला बदली माणूस सरकारी खर्चाने येतो. ही व्यवस्था तिथे 1970 च्या दशकापासून आहे. तो देश श्रीमंत, वस्ती विरळ, हे मान्य. पण आपल्याकडे गोठे एकमेकांना लागून आहेत. एका गावाला तीन माणसं पुरतील, फिनलंडमध्ये मात्र मैलोन् मैल गाडी हाकावी लागते. 26 राहू द्या, सहा दिवसांपासून सुरुवात करा.

आणखी एक गोष्ट, जी पुरुषमंडळी सभेत बोलत नाहीत. हे गावाला गेले तर मी दोन्ही वेळा निभावते आणि गोठा बंद पडला असं कुणाला वाटत नाही. मी माहेरी जायचं म्हटलं की घरात चर्चा बसते. बदली माणूस हा बायकांच्या दृष्टीने सुट्टीहून मोठा प्रश्न आहे. आता मुली बघायला गेलं की मुलीची आई चहाच्या आधी विचारते, "गोठ्यात जावं लागेल का?" लोक अशा मुलींना नावं ठेवतात. मी नाही ठेवत. बाळंतपणानंतर सव्वा महिना विश्रांती असते म्हणतात. आमच्या गल्लीत वीस दिवसांनी घासाच्या वाफ्यात दिसलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी मारून मुटकून पाठवलं नव्हतं. दुसरं माणूसच नव्हतं. मुलीचं सोडा, माझा मुलगाही इंजिनिअरिंगचे फॉर्म भरतो आहे, आणि गाईंच्या पैशावरच तो गाईंपासून लांब जाणार आहे. त्याला गाईंचा तिटकारा नाही. आजारी कालवडीशेजारी पोतं टाकून झोपणारा मुलगा आहे तो. त्याला रोजचं चार वाजणं नको आहे.

आमच्या दूध संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरात आहे. खातं माझ्या नावावर आहे, त्यामुळे ठराव मलाच मांडायचा आहे आणि तो लेखी देऊन ठेवला आहे. सचिव म्हणाले, "ताई, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ." मी नको म्हटलं. सभा दुपारी एकची असते, सत्कार आणि अहवालवाचन होईपर्यंत साडेतीन वाजतात, आणि चारला बायका उठतात. ताळेबंदाच्या आधी घ्या, असं त्यांना कळवलं आहे. आयत्या वेळचे विषय येतात तेव्हा मांडवात धार काढणारं कुणीच उरलेलं नसतं.