हक्क बंदुकीचा नव्हे, उत्तराचा

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर बंदूक कशाला, असे कोणी विचारील. पण शस्त्र आणि सरकार यांचे नाते सातपुड्याने फार जवळून पाहिले आहे. 1825 मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारून भिल्लांच्या हाती बंदुका दिल्या. 1878 च्या हत्यार कायद्याने त्यांच्याच तीरकामठ्याला तलवार-भाल्यांच्या पंक्तीत बसवले. शस्त्र कोणी बाळगावे हे सरकारच्या मर्जीवर होते. म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी तो घटनेत घालण्याची सूचना मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विरोध केला: ज्याने त्याने बाजारातून मारक शस्त्रे बिनदिक्कत विकत घेतली, तर राज्यकारभार चालणार कसा?

न्यायालये आज त्याच भूमिकेवर उभी आहेत. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1993 मध्ये शस्त्र बाळगणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला होता. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निकाल पुढे फिरवला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना, अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनेत नाही, हे स्पष्ट केले. तिकडे 2008 मध्ये हा हक्क व्यक्तीचा ठरला आणि 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या परवाना कायद्यातील खास कारण दाखवण्याची अट कोसळली. आपल्याकडे मात्र न्यायालयांचा धाक बसला तो अधिकाऱ्यांना. 1959 च्या हत्यार कायद्यानुसार परवाना नाकारताना कारण लेखी नोंदवावे लागते, आणि पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून तो नाकारता येत नाही. निवडणूक आली की सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करण्याच्या प्रथेलाही 2009 मध्ये गोव्यातील याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने लगाम घातला. प्रत्येक परवान्याचा स्वतंत्र विचार व्हावा, असे ठरले.

यावर कोणी म्हणेल, पाड्यापासून पोलीस ठाणे लांब, रात्री शेतात रानडुकरे. मग हक्क का नको? स्वसंरक्षणाचा हक्क फौजदारी कायद्याने प्रत्येकाला आहेच. बंदूक हा हक्क झाला, तर ती आधी पैसेवाल्याच्या हाती जाईल, आणि बांधाच्या किंवा डाकिणीच्या संशयाच्या भांडणात ती कोणावर रोखली जाईल, हे सांगायला नको. दुसरा आक्षेप असा, की परवाना प्रामाणिक माणसालाच अडवतो, गुंड गावठी कट्टा घेतोच. हे खरे आहे. पण त्यावरचा इलाज तपास आणि शिक्षा हाच. बेकायदा शस्त्रनिर्मितीची किमान शिक्षा 2019 मध्ये सात वर्षांवर गेली ती त्यासाठीच. परवाने सैल केल्याने एकही कट्टा कमी होणार नाही.

तेव्हा मागायचे ते बंदुकीचा हक्क नव्हे, तर उत्तराचा हक्क. धडगावहून नंदुरबारला गेलेल्या अर्जाला वेळेत आणि अर्जदाराला समजेल अशा भाषेत सकारण उत्तर मिळाले पाहिजे. शस्त्राच्या परवान्याला जे लागू, ते वनहक्काच्या दाव्याला आणि रेशनकार्डालाही लागू आहे. हा अंक त्याच आग्रहाने आपल्या हाती देत आहोत.