पाच तारे नेमके कशाला?

घरात बीपीचे मशीन असणे आता नवलाचे राहिलेले नाही. आई-वडील गावी आणि मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असली, की ते मोबाइलवरूनच मागवले जाते. किंमत पाहायची, तारे मोजायचे, वरचे चार-पाच रिव्ह्यू वाचायचे आणि ऑर्डर द्यायची. मिक्सर घेताना ही रीत चालून जाते, कारण चटणी बारीक झाली नाही तर ते लगेच दिसते. बीपीच्या मशीनने १३० दाखवले, तेव्हा खरा दाब १३० होता की १४५, हे मात्र घरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

म्हणून रिव्ह्यू भरतात ते दुसऱ्याच गोष्टींनी. पार्सल वेळेत आले, पॅकिंग छान, बाबांना आवडले. यात खोटे काही नाही, पण मशीनच्या मुख्य कामाबद्दल एक अक्षरही नाही. त्यात आणखी एक गोम आहे. कमी आकडा दाखवणारे मशीन माणसाला आवडते. दवाखान्यात १५० येते आणि यावर १२५, म्हणजे मशीन उत्तम! दवाखान्यातल्या धास्तीने बीपी वाढते, हे खरे. पण घरचा कमी आकडा त्यामुळे आला की मशीनच्या चुकीमुळे, हे ताऱ्यांवरून ठरत नाही. अशा आकड्यावर विसंबून कोणी गोळी बंद केली, तर अंगाला काही जाणवत नाही. जाणवते ते कधी कधी थेट पक्षाघात झाल्यावर.

मशीन कसे चालते, हे पाहिले की अडचण उलगडते. डॉक्टर स्टेथोस्कोपने नाडीचा आवाज ऐकतात. घरचे मशीन दंडावरच्या पट्ट्यातली स्पंदने मोजते आणि वरचा व खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या सूत्राने काढते. म्हणजे आकडा हा मशीनचा अंदाज असतो, आणि अंदाज ताडून पाहावा लागतो. त्यासाठी २०१८ पासून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. किमान ८५ माणसांवर, प्रशिक्षित निरीक्षकांनी घेतलेल्या बीपीशी मशीनची तुलना होते. सरासरी फरक ५ मिलिमीटरहून जास्त चालत नाही, आणि आकडे किती विखुरलेले असावेत यालाही मर्यादा आहे. हजार ग्राहकांचे तारे एका पारड्यात आणि ही चाचणी दुसऱ्या पारड्यात घातली, तर चाचणीचेच पारडे जड भरेल.

मग चांगला रिव्ह्यू कोणता? पहिले, मशीन कशाशी ताडून पाहिले, हे तो सांगतो. दुसरे, कोणावर पाहिले, हेही सांगतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा बांधल्यावर वरचे बीपी सुमारे २० मिलिमीटर जास्त दिसले. सडपातळ माणसाचा रिव्ह्यू जाड दंडाच्या माणसाच्या कामाचा नाही, तो यामुळे. नाडी अनियमित असेल तर आकड्यांचा भरवसा आणखी कमी होतो. तिसरे, मशीन विकत घेतले की फुकट मिळाले, हे तो उघड करतो. हा नियम मशीनची शिफारस करणाऱ्या डॉक्टरांनाही लागू व्हायला हवा. चौथे, त्यात उणिवाही असतात. नुसती स्तुती म्हणजे जाहिरात.

भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणले. आले तेव्हा ते ऐच्छिक होते. त्याने खोट्या रिव्ह्यूंना आळा बसेलही. पण खऱ्या माणसाने मनापासून लिहिलेला रिव्ह्यूसुद्धा अचूकतेबाबत निरुपयोगी असू शकतो. त्यावर कोणत्याही नियमाचा उपाय चालत नाही.

याचा अर्थ सामान्य माणसाने लिहूच नये असा नाही. आकडे सत्तरीतल्या डोळ्यांना दिसतात का, पट्टा एका हाताने बांधता येतो का, सहा महिन्यांनी तो सैल पडला का, तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का, हे प्रयोगशाळा सांगत नाही. वापरणाराच सांगू शकतो. ज्याला जे कळते, त्याने ते लिहावे आणि वाचणाऱ्याने तेवढेच त्यातून घ्यावे.

घेणाऱ्याने क्रम बदलावा, एवढेच. आधी चाचणीत उतरलेल्या मॉडेलांची यादी पाहावी. ‘स्ट्राइड बीपी’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाची यादी इंटरनेटवर फुकट मिळते. नाव त्याच कंपनीचे असून भागत नाही, मॉडेलचा क्रमांकही जुळावा लागतो. मनगटाऐवजी दंडाचे मशीन घ्यावे, पट्ट्याचे माप दंडाशी जुळवावे. तारे त्यानंतर.

मशीन घरी आले, की पुढच्या तपासणीला ते पिशवीत घालून दवाखान्यात न्यावे. पाच मिनिटे शांत बसून, त्याच दंडावर, मिनिटभराच्या अंतराने, एकदा दवाखान्याच्या आणि एकदा घरच्या उपकरणाने असे दोन-तीनदा मोजून घ्यावे. फरक सतत १० च्या वर राहिला, तर त्या मशीनच्या आकड्यावरून गोळी वाढवू नये, कमी करू नये आणि बंद तर मुळीच करू नये. आणि मग बसून रिव्ह्यू लिहावा, हा फरक आकड्यांत सांगून. पुढच्या घेणाऱ्याला पाच ताऱ्यांपेक्षा त्या दोन ओळींचा उपयोग जास्त होईल.