लंगडीचा हिशोब

मागच्या वेळी आपण मोबाईलच्या पासवर्डांबद्दल बोललो. या वेळचा विषय जरा घरचा आहे: माझा डावा गुडघा.

गेल्या वर्षी बॅडमिंटन खेळताना उडी मारून खाली आलो, पाऊल जागेवर राहिलं आणि गुडघा आत वळला. एमआरआयमध्ये एसीएल तुटलेलं निघालं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारं हे लिगामेंट. फेब्रुवारीअखेर ऑपरेशन झालं आणि मी मनात तारीख ठरवून टाकली: नोव्हेंबरमधली मंडळाची स्पर्धा. आतेभाऊ आणि मी गेली सहा वर्षं डबल्सला जोडीने उतरतो. जानेवारीत त्याची पुण्याला बदली होणार होती, म्हणजे आमची ही शेवटचीच संधी.

आठव्या महिन्यात फिजिओ मॅडमनी जमिनीवर टेप चिकटवली आणि म्हणाल्या, "चला, लंगडी घाला."

मला हसूच आलं. इंदूरच्या आमच्या वाड्यात लहानपणी अख्खी सुट्टी लंगडी खेळण्यात जायची. पण ही लंगडी मोजून-मापून होती. चार प्रकार: एका पायावर एकच लांब उडी, सलग तीन उड्या, पंधरा सेंटीमीटर रुंद पट्टीच्या आलटून पालटून दोन्ही बाजूंना तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर एका पायावर, घड्याळ लावून. लांब उडीत उतरल्यावर त्याच पायावर दोन सेकंद स्थिर उभं राहायचं. हात टेकला किंवा दुसरा पाय लागला की उडी बाद.

नंतर साधं त्रैराशिक. दुखऱ्या पायाचं अंतर भागिले चांगल्या पायाचं, गुणिले शंभर. वेळेच्या चाचणीत भागाकार उलटा, कारण तिथे कमी वेळ चांगला. साधारण नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर पास समजतात.

माझी डाव्या पायाची एकेरी उडी १२५ सेंटीमीटर, उजव्याची १३६. म्हणजे ९२ टक्के! मी तिथूनच आतेभावाला मेसेज टाकला, "नाव दे आपलं."

मॅडमनी जुनी फाईल काढली. ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझ्या उजव्या पायाची उडी मोजून ठेवली होती: १५० सेंटीमीटर. "आठ महिन्यांत तुमचा चांगला पायही अशक्त झालाय," त्या म्हणाल्या. "१२५ला १५०ने भागा बरं." उत्तर आलं ८३.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याच्याशी तुलना करतो त्याला बेसलाइन म्हणतो. बेसलाइनच खाली घसरली तर रिपोर्ट हिरवा दिसतो, पण काम सुधारलेलं नसतं. ऑफिसमध्ये ज्युनिअरना हे मी कितीदा सांगितलंय. स्वतःच्या पायाच्या बाबतीत मात्र सोयीचा आकडा लगेच पटला.

मग त्यांनी मोबाईलवर माझ्या उडीचा व्हिडिओ हळू गतीने दाखवला. उतरताना डावा गुडघा आत झुकत होता, जसा त्या दिवशी कोर्टवर झुकला होता तसाच. "लांब उडी घेताना कंबर आणि घोटा गुडघ्याची कमी भरून काढतात," त्या म्हणाल्या. "उतरताना मात्र गुडघ्यालाच भार पेलावा लागतो. म्हणून मी किती लांब गेलात ते नंतर बघते, कसे उतरलात ते आधी."

दिल्ली-मुंबईच्या डॉक्टरांना विचारू, अजून एक मत घेऊ, असं माझं सुरू झालं. त्यांनी शांतपणे एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेला. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत, खेळात परतणं जितके महिने लांबलं, तितकं दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होत गेलं. शिवाय चाचण्या पास न होता परतलेल्यांना पास झालेल्यांपेक्षा खूपच जास्त दुखापती झाल्या.

घरी आल्यावर आतेभावाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अरे, मी पुण्याला चाललोय, चंद्रावर नाही." स्पर्धेत तो दुसऱ्याबरोबर खेळला. मी खुर्चीवर बसून गुण लिहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पुढचे तीन महिने दोन्ही पायांचा व्यायाम केला. एका पायावर खुर्चीतून उठणं, पायरीवरून हळू उतरणं, आरशासमोर छोट्या उड्या. अकराव्या महिन्यात डावा १३९, उजवा १४८. जुन्या १५०शी तुलना केली तरी ९३ टक्के, आणि व्हिडिओत गुडघा सरळ. मांडीच्या ताकदीची चाचणीही झाली. त्यानंतरच परवानगी मिळाली.

तुमच्यापैकी कोणी गरब्यात, क्रिकेटमध्ये किंवा जिन्यात गुडघा दुखावून घेतला असेल, तर हा लेख वाचून घरी लंगडी घालून बघू नका. डॉक्टर आणि फिजिओ हो म्हणाले की मगच. पण त्यांना दोन प्रश्न जरूर विचारा: माझी तुलना कशाशी करताय? आणि मी उतरतोय कसा?

आतेभाऊ होळीला आला होता. आम्ही दोन गेम खेळलो आणि दोन्ही हरलो. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला नाही.

भेटूया पुढच्या अंकात.