घरी बदललेले ब्रेक

गेल्या महिन्यात आमच्या जावयांनी व आम्ही मिळून आमच्या जुन्या गाडीचे पुढचे ब्रेक इमारतीखालील पार्किंगमध्ये घरीच बदलले. जावई यंत्रांचे जाणकार, आम्ही शाळामास्तर. तेव्हा दिवा धरणे व मागितलेली वस्तू हाती देणे एवढेच काम आमच्या वाट्यास आले होते, हे आधीच कबूल केलेले बरे. एका बाजूच्या कॅलिपरमधील पिस्टन गंजून अडकला होता, म्हणून पॅडांसोबत दोन्ही बाजूंचे कॅलिपरही नवे आणले. ही कामे जोडीनेच करावयाची असतात.

चाके बसली, ब्रेक ऑइल भरले, एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने निपल सैल करावे या रीतीने हवाही काढली. मग जावयांनी पेडलवर पाय ठेवला, तो चिखलात पाय रुतावा तसा थेट तळाला गेला.

दुसऱ्या दिवशी नातवंडांना घेऊन मृत समुद्रावर जावयाचे ठरले होते. अरादहून खाली उतरणारी वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरून निघालेली गाडी सपाटीच्याही खाली ४०० मीटरहून अधिक खोल जाते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून थांबविण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकांनाच करावे लागते. अशा उतारावर असले पेडल घेऊन जाणे म्हणजे काय, ते वाचकांनीच समजावे.

जावई म्हणाले, "मास्टर सिलिंडर गेला असेल." आम्हांस ते पटेना. मुलाचे गणित चुकले की आम्ही त्याचे पाढे तपासावयास बसत नाही. त्याने शेवटची ओळ काय लिहिली ते आधी पाहतो. काल ब्रेक लागत होते, आज लागत नाहीत. तर आज जेथे हात लागला तेथेच दोष शोधावा. (मास्टर सिलिंडरची शंका अगदीच निराधार नव्हती. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले, तर आतील रबर एरवी न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून घासून फाटू शकते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा.)

पेडलच पुष्कळ सांगते. नवे पॅड बसविण्यासाठी पिस्टन मागे ढकललेला असतो, म्हणून पहिल्या काही दाबांत पेडल खोल जाणारच. चार-सहा वेळा दाबल्यावर ते घट्ट झाले व घट्टच राहिले, तर बिघाड नाही. दाबून घट्ट होते, पण थोडे थांबल्यावर पुन्हा मऊ पडते, तर बहुधा आत हवा आहे. पाय स्थिर ठेवला असता हळूहळू खाली सरकत जाते, तर कोठे तरी गळती आहे. तेव्हा रबरी नळीच्या जोडापाशी ओल पाहावी. तेथील तांब्याचे वायसर दर वेळी नवे घालावे लागतात.

आमचे पेडल दाबून थोडे घट्ट होई व पुन्हा मऊ पडे. जोड कोरडे होते. दिवा घेऊन आम्ही चाकामागे वाकलो आणि निपलाचे तोंड जमिनीकडे असल्याचे दिसले. तेलाची बाटली उपडी धरली की बुडबुडा बुडाकडे चढतो. तसेच येथे झाले होते. हवा कॅलिपरच्या वरच्या टोकात निवांत बसलेली, आणि आम्ही खालून चांगले ऑइल ओतून टाकीत होतो. डावा कॅलिपर उजवीकडे व उजवा डावीकडे बसला होता. अनेक गाड्यांत तो उलट बाजूसही बिनतक्रार बसतो, हीच खरी अडचण.

डबे आम्हीच उघडले होते, कॅलिपर आम्हीच हाती दिले होते. गाडीचे डावे-उजवे चालकाच्या आसनावरून ठरते; आम्ही मात्र गाडीसमोर उभे होतो. अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकविले होते की वर्गासमोर उभे राहून "उजवा हात वर" म्हणताना शिक्षकाने आपला डावा हात वर करावा. तीस वर्षे ते पाळले. नेमके त्या दिवशी विसरलो.

इतर तक्रारींचे मूळही बहुधा शेवटच्या ओळीतच सापडते. गाडी एका बाजूस ओढली जात असेल, तर पॅडला वा डिस्कला ग्रीसचा हात लागला नाही ना, ते पाहावे. ग्रीस प्यालेला पॅड पुसून सुधारत नाही, बदलावाच लागतो. एक चाक तापत असेल, तर स्लाइड पिन कोरडी राहिली असेल किंवा रबरी नळीला पीळ पडला असेल. पेडल थरथरत असेल, तर डिस्क बसविण्यापूर्वी हबवरील गंज घासला होता का, हे आठवावे. ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल कधीही घालू नये. आतील सारी रबरे फुगून निकामी होतात. उघडी पडून राहिलेली बाटलीही नको, कारण हे ऑइल हवेतील दमट शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. लांब उतारावर हा फरक जिवाशी येतो.

येथील गॅरेजवाले ब्रेकना 'ब्रेक्सिम' म्हणतात, म्हणजे इंग्रजी अनेकवचनावर हिब्रू अनेकवचन. मागचा आंस तो 'बॅकॅक्स', आणि पुढचा आंस 'पुढचा बॅकॅक्स'! साहेब मुंबईत पंक्चर ठेवून गेला, येथेही ठेवून गेला.

दुसऱ्या सकाळी कॅलिपरांची अदलाबदल केली, निपल वर आले, आणि थोडे ऑइल जाताच फसफसत हवा निघाली. पेडल घट्ट झाले. रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू जाऊन आठ-दहा वेळा गाडी थांबविली, मग जाणत्या मेकॅनिकला दाखविली. सहल आठवडाभर पुढे गेली. उतारावर जावयांनी गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली होती. पहिल्या वळणावर मागून नातवाने विचारले, "आजोबा, समुद्र डावीकडे की उजवीकडे?" गाडीतील सारेच हसले.