पहाटे सुरू होणारी गाडी

शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात मुलाने नोकरीचा नाद सोडून धंद्याची भाषा सुरू केली की प्रथम मौन पसरते, मग उपदेश होतो आणि अखेरीस वडिलांच्या पतपेढीचा अर्ज बाहेर निघतो. खानदेशात हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. नवा आहे तो धंदा. जळगाव आणि धुळे या शहरांत दुकाने, दवाखाने, बँका यांच्या दर्शनी बाजू काचेच्या होऊ लागल्या, गच्च्यांवर सौर पॅनेल बसू लागली आणि धुळीच्या या मुलखात काचा धुऊन देणे हे दोन-तीन तरुणांचे पोट भरू शकेल असे काम झाले. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सरकारी सौर प्रकल्प २०१३ मध्येच उभा राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने तर घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. काच वाढली, तशी काच पुसणाराची गरजही वाढणारच.

या धंद्याला शिडी, पंप, नळी, ब्रश आणि रबरी पाते एवढीच हत्यारे लागतात. खरे भांडवल लागते ते गाडीला. घराचे आर्थिक स्वास्थ्य टिकणार की ढासळणार, याचा निकाल बहुधा या एकाच खरेदीवर लागतो. आणि नेमकी हीच खरेदी सर्वांत कमी विचाराने होते. शोरूममधला चकचकीत रंग, मित्राने घेतलेली गाडी, विक्रेत्याने सांगितलेला हप्ता, एवढ्यावर पाच वर्षांचा करार होतो. लग्नासाठी स्थळ पाहताना जेवढी चौकशी करतात, तिच्या निम्मी चौकशी जरी गाडीसाठी झाली, तरी अनेक घरांचे पुढचे क्लेश वाचतील.

गाडी कामाची आहे किंवा नाही, हे ठरविण्यापूर्वी काम काय आहे, हे पाहावयास हवे. विंधन विहिरीचे क्षारयुक्त पाणी काचेवर वाळले की पांढरे डाग ठेवते, म्हणून मृदू केलेले पाणी बरोबर न्यावे लागते. दुसरे असे की हे काम उन्हाचे नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो, तेव्हा तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकण्याचा धोका असतो आणि पाणी पुसण्याआधीच वाळून जाते. म्हणजे काम पहाटे सुरू होऊन ऊन चढण्यापूर्वी संपले पाहिजे. पहाटे पाच वाजता गाडी सुरू झाली नाही, तर तो दिवस गेला. दुकानदार एकदा समजून घेईल, दुसऱ्यांदा दुसऱ्याला बोलावील. या धंद्यात विश्वासाची गाडी म्हणजे दिलेल्या वेळेला पोहोचविणारी गाडी. बाकीचे सारे गुण त्यानंतरचे.

गाडीचा विश्वास केवळ तिच्या पोलादात नसतो, हे मराठी मुलखाला नव्याने सांगावयास नको. ‘टेम्पो’ हा शब्द आज मराठीत सामान्यनाम झाला आहे. मुळात ते जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका कंपनीच्या वाहनाचे नाव. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या बजाज टेम्पो कंपनीमुळे ते घरोघरी पोहोचले. पुढे त्याच कारखान्यातून मॅटॅडोर आली आणि दुधाच्या कॅनपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सारे काही तिने वाहिले. ती कधी बंद पडत नव्हती असे नाही; पण बंद पडली तर तालुक्याच्या गावी तिला उघडून पुन्हा जोडणारा मिस्त्री होता आणि तिचा सुटा भाग बाजारात मिळत होता. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ ही छोटी मालगाडी आली. दोन सिलिंडरच्या, सुमारे ७०० सीसीच्या इंजिनाची ही चारचाकी लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हणून जवळ केली, त्यामागेही हेच गणित होते. म्हणून गाडी ठरविण्यापूर्वी शोरूमच्या आधी मिस्त्रीकडे जावे. ज्या गाडीचा क्लच जळगावात दुपारपर्यंत बदलून मिळतो ती चांगली. जिच्या सुट्या भागासाठी पुण्या-मुंबईकडे डोळे लावून बसावे लागते ती कितीही देखणी असली तरी या धंद्याच्या कामाची नव्हे.

यानंतरचा प्रश्न वजनाचा, आणि तो भावनेने नव्हे तर बेरजेने सुटतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. पाचशे लिटरची टाकी भरली की अर्धा टन झाला. त्यात टाकी, पंप, शिड्या आणि तीन माणसे धरली तर पाऊण टनाच्या पुढे आकडा जातो. नोंदणी पुस्तकात गाडीचे रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातील फरक हीच गाडीची खरी क्षमता, आणि कायद्यातील व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक धरलेला नसल्यामुळे चालकाचे वजनही त्या फरकातच बसवावे लागते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अतिभाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा केला. परंतु दंडापेक्षाही भय आहे ते ब्रेकचे. निम्मी भरलेली टाकी भरलेल्या टाकीहून दगाबाज असते; ब्रेक दाबताच पाणी पुढे धावते आणि वळणावर बाजूला झुकते. लळिंगच्या किंवा अजिंठ्याच्या घाटात हा खेळ जिवावर बेतू शकतो. टाकी खाली, मागच्या आसाच्या पुढे, पट्ट्यांनी घट्ट बांधलेली आणि आत आडवे पडदे असलेली हवी.

कोणत्या प्रकारची गाडी घ्यावी, याचे उत्तर फेरीच्या वाटेवर अवलंबून आहे. केवळ शहरातल्या शहरात दुकानांच्या काचा धुवावयाच्या असतील तर तीनचाकी मालवाहू रिक्षा स्वस्त पडते. पाण्याचा भार मात्र तिला बेताचाच द्यावा. बंदिस्त व्हॅनमध्ये हत्यारे कुलपात राहतात आणि शिडी टपावर जाते, पण पाण्याला जागा थोडी उरते. जळगावहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्यापर्यंत आणि तिथून साक्रीकडे फेऱ्या करावयाच्या असतील, तर छोट्या चारचाकी मालगाडीला पर्याय नाही. गॅसवर किंवा विजेवर चालणाऱ्या गाडीचा दर किलोमीटरचा खर्च कमी दिसतो; परंतु गॅसचा पंप वा चार्जिंगची सोय फेरीच्या वाटेवर आहे की नाही, आणि पंपापुढील रांगेत पहाट निघून तर जाणार नाही, हे पाहूनच तो हिशेब करावा.

नवी घ्यावी की जुनी, हा वाद जुनाच आहे. पहिल्या दोन वर्षांत ग्राहक जमावयाचे असतात, उत्पन्न अनिश्चित असते. अशा वेळी पारखून घेतलेली जुनी गाडी हा कमीपणा नसून शहाणपणा ठरतो. मात्र पारख हवी. इंजिन रात्रभर थंड असताना स्वतःसमोर सुरू करावयास लावावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी काही तरी लपविते. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. मागच्या कमानपाट्यांत जादा पाटा बसविलेला दिसला तर गाडीने आयुष्यभर अतिभार वाहिला आहे, असे समजावे. चासी क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा. आधीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचा दाखला आणि नमुना ३५ हाती येईपर्यंत पैसा देऊ नये.

कागदपत्रांतील आणखी एक चूक नित्य घडते. खाजगी म्हणून नोंदलेली गाडी धंद्याला जुंपली जाते, कारण पिवळ्या पाटीचा खर्च नको वाटतो. अपघात झाला की विमा कंपनी याच कारणाने भरपाई नाकारू शकते आणि वाचविलेले चार हजार चार लाखांना पडतात. वस्तुतः एमएच १९ असो वा एमएच १८, कायदा छोट्या गाडीला फारसा कठोर नाही. भारासह तीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मग आडमार्गाचे कारण काय?

अखेरीस प्रश्न येतो तो हप्त्याचा, आणि येथे शिकलेली माणसेही फसतात. उदाहरणादाखल सहा लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत आणि दर दहा टक्के धरू. व्याज घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता सुमारे १२,७५० रुपये येतो. तोच दहा टक्के दर ‘फ्लॅट’ असेल, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहिले, तर हप्ता १५,००० रुपये होतो. पाच वर्षांत फरक पडतो सुमारे १,३५,००० रुपयांचा, आणि खरा दर दहा नव्हे तर सतराच्या घरात जातो. कागदावर मात्र दोन्हीकडे दहाच लिहिलेले असते. शिवाय पावसाळ्याचे चार महिने पाऊस फुकटात काचा धुतो, तेव्हा काम आटते. हप्ता आटत नाही. म्हणून हप्त्याची कसोटी मार्चच्या कमाईवर न लावता ऑगस्टच्या कमाईवर लावली पाहिजे. ऑगस्टमध्ये जो हप्ता पेलतो तोच खरा परवडतो.

मुलाचा हप्ता थकला की पगारातून कपात सुरू होते ती जामीनदार वडिलांच्या, किंवा भिडेखातर सही केलेल्या शेजारच्या मास्तरांच्या. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. जामिनाची सही ही साक्षीदाराची सही नव्हे, याची जाणीव सही करताना किती जणांना असते? रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ व लघुउद्योग मुदतकर्जांसाठी बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधन घातले आहे. सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर दाखविणारे विवरणपत्रक कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. ते मागून घेणे हा हक्क आहे आणि जामीनदाराने ते वाचल्यावाचून लेखणी उचलू नये. नोकरदारांच्या पतसंस्थांना हा नियम लागू नसला, तरी तसेच मराठी पत्रक त्यांनी स्वतःहून का देऊ नये? सभासदांच्याच पैशावर चालणाऱ्या संस्थांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

मुलाने धंदा करू नये, असे कोणी म्हणू नये. ज्या प्रदेशाने केळीची बाजारपेठ घडविली, त्याच्या मुलांना काच पुसण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. उलट नोकरीच्या जाहिरातींची वाट पाहत वय घालविण्यापेक्षा हा मार्ग मानाचा आहे. पण त्या मार्गावर पहिले पाऊल टाकताना घराने एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत: भार किती, वाट कोणती, मिस्त्री कोण आणि ऑगस्टचा हप्ता कोठून येणार. या चारही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून झाली, तर गाडीचा रंग मुलाने खुशाल आपल्या आवडीचा निवडावा.