बायोप्सीत 'मॉडरेट' म्हणजे नक्की किती?

जठराच्या जुनाट सुजेची एकच स्लाइड. एक पॅथॉलॉजिस्ट लिहितो 'माइल्ड', दुसरा 'मॉडरेट'. लोक लगेच डॉक्टरला नावं ठेवतात. मी म्हणतो, आधी मोजपट्टी विचारा!

मोजपट्टी आहे हो. १९९० ची सिडनी पद्धत, १९९४ साली ह्यूस्टनला सुधारलेली. प्रत्येक पायरीची चित्रं दिलीत. तुकडे पाच: दोन जठराच्या खालच्या भागातून, दोन मधल्या भागातून, एक वळणावरून. आणि आपल्याकडे? अनेकदा एक-दोन तुकडे, सगळे एकाच बाटलीत, रिपोर्टवर नुसतं 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस'. मग एकमत होणार कुठून?

एच. पायलोरी जंतू दिसला की नाही, यावर सहसा जमतं. खरा घोळ ग्रंथींच्या झिजेवर होतो. आणि पुढचा कॅन्सरचा धोका जोखताना, पुन्हा दुर्बीण कधी घालायची हे ठरवताना, नेमकी तीच झीज बघतात!

"अनुभवी नजर आहे" हे उत्तर पुरेसं नाही. अनुभवी नजरांतही फरक पडतो, म्हणून तर चित्रं काढावी लागली.

मागणी साधी आहे: जागेनुसार वेगळ्या बाटल्या, रिपोर्टवर पद्धतीचं नाव, प्रत्येक बदलाची वेगळी पायरी, शंका असेल तिथे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर. पेशंट पैसे मोजून देतो, त्याला मापही मोजूनच मिळालं पाहिजे.